कामांची रांग आणि असमकालिक कार्ये : पायथनमधील दोन प्रकारच्या प्रतीक्षांचे विवेचन

छत्रपती संभाजीनगरात खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, जी पाणचक्की आजही पाहावयास मिळते तिची योजना थोडक्यात सांगता येते. शहराबाहेरील डोंगरांतून मातीच्या नळांनी पाणी आणावयाचे, ते उंचीवरून सोडावयाचे आणि त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरवावयाचे. अठराव्या शतकात पूर्णत्वास गेलेल्या या योजनेमुळे दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी धान्य दळले जात असे. घरचे जाते आणि ही चक्की यांतील भेद केवळ शक्तीच्या उगमाचा नाही. घरच्या जात्याशी बसलेल्या बाईला दळण संपेपर्यंत उठता येत नाही. चक्कीवर दळण टाकणाऱ्यास मात्र ते तेथे ठेवून आपल्या उद्योगास जाता येते. पुढे विजेच्या गिरण्या आल्यावर हीच रीत गावोगाव रूढ झाली. डबा ठेवावयाचा, बारीक की जाडे ते सांगावयाचे आणि सायंकाळी पीठ न्यावयाचे.

संगणकशास्त्रात ज्यास पार्श्वभूमीतील कामांची रांग म्हणतात, तिचे मूळ तत्त्व याहून निराळे नाही. परंतु पायथन या भाषेत या रांगेचा उपयोग करू लागताच एक घोटाळा संभवतो. ‘असमकालिक’ हे एकच विशेषण तेथे दोन अगदी भिन्न गोष्टींस लावले जाते, आणि त्या दोन एकच आहेत असे गृहीत धरून रचना केली, तर काम झाले नसताही झाल्याची नोंद होऊ शकते. प्रस्तुत लेखात या दोन गोष्टींतील भेद, त्यांची गाठ नेमकी कोठे पडते आणि त्या ठिकाणी कोणती दक्षता घ्यावी लागते, याचे विवेचन केले आहे.

१. पहिली असमकालिकता : दळण टाकून जाणे

विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव अशा चार जिल्ह्यांत पसरलेल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना एखादे विद्यापीठ गुणपत्रिका ई-मेलने पाठविते असे समजू. संबंधित लिपिकाने संकेतस्थळावरील ‘पाठवा’ ही कळ दाबली की ६०० विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका तयार व्हावयाच्या आणि रवाना व्हावयाच्या. प्रत्येक गुणपत्रिकेची पीडीएफ प्रत सिद्ध करण्यास अर्धा सेकंद आणि टपाल-सर्व्हरशी होणाऱ्या देवघेवीस दोन सेकंद लागतात असे धरले, तर एकामागून एक केलेल्या या कामास १५०० सेकंद, म्हणजे पंचवीस मिनिटे लागतील. इतका वेळ कोणताही ब्राउझर उत्तराची वाट पाहणार नाही. जोडणी मध्येच तुटेल आणि किती गुणपत्रिका गेल्या व किती राहिल्या, हे लिपिकास कळणार नाही.

यावरील उपाय म्हणजे मागणी स्वीकारणे आणि काम करणे या दोन क्रिया वेगळ्या करणे. संकेतस्थळाचा कार्यक्रम प्रत्येक गुणपत्रिकेसाठी एक संदेश तयार करून तो मध्यस्थाकडे, म्हणजे ब्रोकरकडे, सोपवितो आणि ‘काम नोंदले’ असे उत्तर तत्काळ देतो. रेडिस किंवा रॅबिटएमक्यू यांसारखी प्रणाली हे मध्यस्थाचे काम करते. दुसऱ्या बाजूस वर्कर नावाची स्वतंत्र प्रक्रिया रांगेतील संदेश एकेक करून उचलते व त्यानुसार काम करते.

या संदेशात काय असते, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्यात कार्य स्वतः नसते. त्या कार्याचे नाव आणि त्यास द्यावयाच्या मूल्यांची यादी एवढेच असते. दळणाच्या डब्यावरील चिठ्ठीत जाते नसते, तसेच हे. म्हणूनच संदेशात विद्यार्थ्याची संपूर्ण माहिती न घालता त्याचा आसनक्रमांक घालावा आणि वर्करने डेटाबेसमधून ताजी माहिती घ्यावी, ही रीत श्रेयस्कर ठरते. तसेच डेटाबेसमधील व्यवहार कायम झाल्यानंतरच संदेश रांगेत घालावयास हवा. तो आधी घातला तर तत्पर वर्कर नोंद शोधावयास जातो आणि ती अद्याप अस्तित्वात नसल्याने त्याच्या हाती काहीच लागत नाही.

ही झाली पहिली असमकालिकता. ती दोन प्रक्रियांमधील आहे. काम टाकणारा व काम करणारा यांनी एकमेकांसाठी थांबू नये, एवढाच तिचा अर्थ आहे. काम करणारा ते काम आतून कसे करतो, याविषयी ती काही सांगत नाही.

२. दुसरी असमकालिकता : चुलीवरील भात

दुसरी असमकालिकता एकाच प्रक्रियेच्या आतील आहे. चुलीवर भात ठेवून तो शिजेपर्यंत कणीक मळणाऱ्या गृहिणीचे हात दोनच असतात. तरीही दोन पदार्थ बरोबरीने पुढे सरकतात. याचे कारण असे की भात शिजण्यास वेळ लागतो, पण त्या वेळात हातांची गरज नसते. संगणकाच्या बाबतीत जाळ्यावरून उत्तर येण्याची किंवा डेटाबेसकडून नोंद मिळण्याची प्रतीक्षा या स्वरूपाची असते. प्रक्रिया तेथे काही करीत नसते. ती केवळ थांबलेली असते.

पायथनमध्ये या प्रतीक्षेचा उपयोग करून घेण्यासाठी ‘असिंकआयओ’ हे ग्रंथालय २०१४ मधील ३.४ या आवृत्तीपासून भाषेबरोबर मिळू लागले आणि २०१५ मधील ३.५ या आवृत्तीत ‘असिंक’ व ‘अवेट’ हे शब्द वाक्यरचनेत दाखल झाले. ‘असिंक’ने आरंभ होणारे कार्य ज्या ज्या ठिकाणी ‘अवेट’ म्हणते, त्या त्या ठिकाणी ते आपला ताबा सोडू शकते. तो ताबा इव्हेंट लूपकडे जातो आणि हा लूप तयार असलेल्या दुसऱ्या एखाद्या कार्यास पुढे नेतो.

या रचनेतील एक सूक्ष्म गोष्ट पुढील सर्व विवेचनाचा पाया आहे. साधे कार्य हाकारले की ते तत्क्षणी चालते व फल देते. असिंक कार्य हाकारले असता मात्र त्यातील एकही ओळ चालत नाही. हाती येते ती केवळ कोरूटीन नावाची वस्तू, म्हणजे करावयाच्या कामाचा संकल्प. कोणी तरी तो संकल्प इव्हेंट लूपच्या स्वाधीन करीपर्यंत प्रत्यक्षात काहीही घडत नाही.

वरील उदाहरणात या पद्धतीचा लाभ किती होईल, हे हिशेबाने पाहता येते. टपाल-सर्व्हरसाठी होणारी प्रतीक्षा एकूण १२०० सेकंदांची आहे. एका वेळी दहा देवघेवी चालू ठेवल्या तर ती सुमारे १२० सेकंदांवर येते. पीडीएफ सिद्ध करण्याचे ३०० सेकंद मात्र जसेच्या तसे राहतात, कारण ती प्रतीक्षा नसून श्रम आहेत. भात एकीकडे शिजत असता कणीक मळता येते. परंतु दोन परातींतील कणीक दोन हातांनी एकाच वेळी मळता येत नाही.

३. गाठ पडते ती जागा

आता या दोन असमकालिकता एकत्र आणल्या असता काय होते, ते पाहू. रांगेत टाकावयाचे कार्यच असिंक असेल तर वर्कर ते कसे चालवील, हा खरा प्रश्न आहे.

सेलरी ही पायथनमधील सर्वपरिचित रांगप्रणाली आस्क सोलेम यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे असिंकआयओच्या जन्मापूर्वी काही वर्षे. तिचा वर्कर साधे कार्य हाकारावयाचे आणि फल घ्यावयाचे, या गृहीतावर उभा आहे. त्याच्या हाती असिंक कार्य दिले तर तो ते हाकारतो, त्यास कोरूटीन मिळते आणि तो त्या कोरूटीनलाच फल समजतो. फल साठविण्याची व्यवस्था केलेली असेल तर कोरूटीनचे रूपांतर साठवणयोग्य मजकुरात होऊ शकत नाही आणि त्रुटी उघड होते. हा प्रसंग सुदैवाचा म्हटला पाहिजे. कारण फल साठविण्याची व्यवस्था नसेल, आणि ई-मेल पाठविण्यासारख्या कामात ती पुष्कळदा नसतेच, तर वर्कर त्या कामापुढे ‘यशस्वी’ अशी नोंद करून पुढील संदेशाकडे वळतो. कोरूटीनची वाट कोणी पाहिलीच नाही, अशी एक सूचना तेवढी नोंदवहीत उमटते. सहाशे कामे यशस्वी दिसतात आणि एकही गुणपत्रिका रवाना झालेली नसते. प्रवेशाची मुदत टळून गेलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या नोंदीचे मोल काय, हे निराळे सांगावयास नको.

यातून निष्पन्न होणारा नियम असा : असिंक कार्य रांगेत घालताना त्याच्या इव्हेंट लूपचा स्वामी कोण, या प्रश्नाचे निश्चित उत्तर रचनाकारापाशी असले पाहिजे. हे उत्तर तीन प्रकारांनी देता येते.

४. तीन मार्ग

पहिला मार्ग प्रत्येक कामासाठी नवा लूप निर्माण करण्याचा. २०१८ मधील ३.७ या आवृत्तीपासून ‘असिंकआयओ.रन’ हे साधन उपलब्ध आहे. ते नवा लूप उघडते, कोरूटीन शेवटपर्यंत चालविते आणि लूप बंद करते. सेलरीच्या साध्या कार्यात असिंक कार्याचे असे वेष्टन करता येते. व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी रचलेल्या आरक्यू या प्रणालीचा वर्कर, कार्याने कोरूटीन परत दिल्यास, स्वतःच नवा लूप करून ते पूर्ण करतो. या मार्गाने काम खरोखर होते, हा त्याचा गुण. परंतु वर्कर एक काम संपल्यावरच दुसरे घेत असल्यामुळे कामाकामांमधील प्रतीक्षेचा लाभ मुळीच मिळत नाही. १२०० सेकंद १२०० सेकंदच राहतात. आणखी एक अडचण आहे. डेटाबेस-जोडण्यांचा संच ज्या लूपवर उघडला गेला, त्या लूपशी तो बहुधा बांधलेला असतो. तो संच प्रक्रियेत सर्वांसाठी सामाईक ठेवला तर पहिले काम सुरळीत होते आणि दुसऱ्या कामाच्या वेळी, लूप बंद झाला आहे अशी त्रुटी येते. चाचणीत एकच काम चालवून पाहणाऱ्यास हा दोष दिसत नाही. जोडण्या कामाच्या आतच उघडाव्यात व आतच मिटाव्यात, हा त्यावरील सरळ उपाय होय.

दुसरा मार्ग वर्करच्या प्रक्रियेत एक दीर्घजीवी लूप स्वतंत्र थ्रेडवर चालू ठेवण्याचा. प्रत्येक काम आपले कोरूटीन त्या लूपकडे पाठविते व फलाची वाट पाहते. जोडण्यांचा संच येथे टिकून राहतो. मात्र सेलरीचा रूढ वर्कर मूळ प्रक्रियेपासून उपप्रक्रिया निर्माण करतो. लूप व त्याचा थ्रेड मूळ प्रक्रियेत आधीच सुरू केला असेल तर उपप्रक्रियेत लूपची प्रतिमा येते, पण तो फिरविणारा थ्रेड येत नाही. परिणामी काम कायमचे थांबून राहते. म्हणून लूप उपप्रक्रिया जन्मल्यानंतरच सुरू केला पाहिजे. शिवाय प्रत्येक उपप्रक्रिया एका वेळी एकच काम घेत असल्याने समांतरता हवी असल्यास एका संदेशात पन्नास आसनक्रमांकांचा गट देऊन गटाच्या आत ती साधावी लागते. गट मोठा तितकी गती अधिक. परंतु एका पत्त्याच्या दोषामुळे सगळा गट पुन्हा चालविण्याची वेळ येण्याचा संभवही तितकाच अधिक.

तिसरा मार्ग वर्करच असिंक असण्याचा. सॅम्युअल कॉल्विन यांनी रेडिसवर उभारलेली एआरक्यू, किंवा पोस्टग्रेस डेटाबेसलाच रांग मानणारी प्रोक्रॅस्टिनेट, या प्रणाली या वर्गातील होत. येथे लूपचा स्वामी वर्कर असतो, जोडण्या वर्करच्या आरंभी एकदाच उघडतात आणि एक काम ‘अवेट’वर थांबले की दुसरे पुढे सरकते. एआरक्यूचा वर्कर वेगळी सूचना नसल्यास एका वेळी दहा कामे हाती धरतो.

हा मार्ग आकर्षक असला तरी त्याची किंमत आहे. लूपवरील एखाद्या कामाने ताबा न सोडता दीर्घकाळ श्रम केले, तर उरलेली नऊही कामे खोळंबतात. पीडीएफ सिद्ध करणारा अर्धा सेकंद अशा वर्करमध्ये थेट घातला तर तेवढा वेळ कोणतेही उत्तर वाचले जात नाही, कोणतीही मुदत तपासली जात नाही. असे श्रम लूपबाहेर, स्वतंत्र प्रक्रियांच्या संचाकडे सोपवावे लागतात. २०२० मधील ३.९ आवृत्तीने थ्रेडकडे काम सोपविण्याचे सुलभ साधन दिले आहे; परंतु पायथनच्या रूढ बांधणीत एका वेळी एकच थ्रेड पायथनच्या सूचना चालवीत असल्याने शुद्ध गणनेस थ्रेडने वेग येत नाही. चार गाभ्यांच्या यंत्रावर चार प्रक्रिया योजल्या तर मात्र वरील ३०० सेकंद सुमारे ७५ वर येऊ शकतात. तात्पर्य, प्रतीक्षेसाठी लूप आणि श्रमासाठी प्रक्रिया अशी वाटणी आवश्यक ठरते.

५. एकदा, अनेकदा की कधीच नाही

लूपचा प्रश्न सुटला तरी एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो या विषयातील सर्वांत जबाबदारीचा भाग आहे. काम चालू असता वर्कर कोसळला तर काय होते?

रांगेतील संदेश उचलल्यावर वर्कर मध्यस्थास पोच देतो. सेलरीची रूढ पद्धत काम सुरू होण्याच्या अगदी आधी पोच देण्याची आहे. त्यानंतर यंत्र बंद पडले तर ते काम कायमचे हरवते. पोच काम संपल्यावर देण्याची योजनाही करता येते. परंतु मग काम झाल्यावर व पोच देण्यापूर्वी वर्कर कोसळला तर तेच काम दुसऱ्यांदा होते. रेडिसबरोबर सेलरी वापरताना तासाभरात पोच न आल्यास, मुदत बदललेली नसेल तर, संदेश दुसऱ्या वर्करला दिला जातो. म्हणजे उशिरा पोच देणाऱ्या दीर्घ कामाबाबत कोणी कोसळले नसतानाही पुनरावृत्ती संभवते. एआरक्यूमध्ये काम संपेपर्यंत ते रांगेतून काढले जात नाही, त्यामुळे खंडित झालेले काम पुन्हा चालते. ‘नेमके एकदाच’ असे वचन बाह्य जगावर परिणाम करणाऱ्या कामाबाबत कोणतीही रांग देऊ शकत नाही. निवड असते ती ‘फार तर एकदा’ आणि ‘निदान एकदा’ या दोहोंतच.

‘निदान एकदा’ हा पर्याय स्वीकारला तर काम पुनरावृत्ती सोसणारे असले पाहिजे. परीक्षा, आसनक्रमांक व प्रतीचा क्रमांक यांची मिळून एक खूण करावी, ती डेटाबेसमध्ये अद्वितीय असण्याचे बंधन घालावे आणि पाठविण्यापूर्वी ती तपासावी. तरीही पाठविणे व नोंद करणे या दोन क्रियांत एक अरुंद फट राहतेच. तेथे निर्णय तंत्राचा नसून परिणामांचा असतो. गुणपत्रिका दोनदा मिळाली तर विद्यार्थ्याचे काही बिघडत नाही, मुळीच मिळाली नाही तर बिघडते. म्हणून ती पुन्हा पाठविण्याचा धोका पत्करावा. परीक्षाशुल्काची वसुली दोनदा होणे मात्र क्षम्य नाही; तेथे शंका येताच थांबून खात्री करून घेणे योग्य.

असिंक वर्करमध्ये या विचारास आणखी एक पदर आहे. मुदत संपल्यावर किंवा वर्कर बंद करताना चालू कोरूटीन रद्द केले जाते आणि ते ज्या ‘अवेट’वर थांबलेले असते तेथेच त्यात रद्दतेचा अपवाद उद्भवतो. म्हणजे प्रत्येक ‘अवेट’ ही काम अर्धवट सुटण्याची संभाव्य जागा आहे. २०१९ मधील ३.८ आवृत्तीपासून हा अपवाद सामान्य अपवादांच्या वर्गातून बाहेर काढण्यात आला, त्यामुळे सर्व त्रुटी सरसकट गिळणाऱ्या रचनेतूनही तो निसटून वर पोहोचतो. हे इष्टच आहे. मात्र उघडलेल्या जोडण्या मिटविण्याची तजवीज ‘फायनली’ या खंडात केलेली असली पाहिजे.

६. मर्यादेचा विचार

शेवटी रांगेच्या लांबीविषयी. रांग कामाची गती वाढवीत नाही, ती केवळ गर्दी साठविते. कामे येण्याची सरासरी गती ती उरकण्याच्या गतीहून अधिक राहिली तर कोणतीही रांग अखेरीस भरतेच, आणि रेडिसची रांग स्मृतीत राहत असल्याने ती मर्यादा दूर नसते. म्हणून रांगेतील संदेशांची संख्या आणि सर्वांत जुन्या संदेशाचे वय या दोन आकड्यांवर सतत लक्ष असावे. त्यांतही वयाचा आकडा अधिक बोलका आहे. लिपिकाला व विद्यार्थ्याला जाणवतो तो विलंब त्यातच दिसतो. तसेच वर्करने एका वेळी किती कामे धरावी, याची मर्यादा टपाल-सर्व्हर किती सोसू शकतो यावरून ठरवावी. आपल्या लूपला हजार कोरूटीन पेलतात म्हणून समोरच्या यंत्राला हजार मागण्या पेलतील असे नाही.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की, काम रांगेत टाकल्याने ते होत नाही आणि कार्यापुढे ‘असिंक’ लिहिल्याने ते वेगवान होत नाही. अल्प व विरळ कामांसाठी पहिला मार्ग पुरेसा व सर्वांत सोपा आहे. जुनी सेलरी-रचना टिकवून जोडण्यांची बचत साधावयाची असेल तर दुसरा, आणि प्रतीक्षाप्रधान कामांचा ओघ मोठा असेल तर तिसरा घ्यावा. मार्ग कोणताही निवडला तरी ‘काम स्वीकारले’, ‘काम सुरू झाले’ आणि ‘काम पूर्ण झाले’ या तीन नोंदी वेगळ्या ठेवाव्या, आणि तिसरी नोंद टपाल-सर्व्हरचे होकारार्थी उत्तर हाती आल्याखेरीज कधीही करू नये. गिरणीत डबा ठेवणाऱ्यास चिठ्ठी मिळाली म्हणून घरी भाकरी होत नाही. त्यासाठी पीठच यावे लागते.